एलएसएमओ फिल्मचं क्युरी तापमान २९५ केल्विनवर अडकलंय: दाब आणखी वाढवण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही नागपुरात पीएचडी करता. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या, म्हणजे एसटीओच्या, ५ बाय ५ मिलिमीटर तुकड्यावर (सबस्ट्रेटवर) पल्स्ड लेसर डिपॉझिशनने (लेसरच्या पल्सने टार्गेट नावाच्या चकतीतला पदार्थ उडवून सबस्ट्रेटवर बसवायची पद्धत) लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटची, म्हणजे एलएसएमओची, सुमारे ४० नॅनोमीटर जाडीची फिल्म बनवता. टार्गेट विभागातच, जुलैमध्ये तयार केलेलं. हीटर ७५० अंश सेल्सिअसवर, ऑक्सिजन १०० मिलिटॉर. बल्कमध्ये, म्हणजे फिल्म नसलेल्या जाड तुकड्यात, या पदार्थाचं क्युरी तापमान (ज्याच्या वर फेरोमॅग्नेटिझम जातो ते तापमान) ३७० केल्विनच्या आसपास असतं, तुमच्या फिल्मचं २९५ येतं. ऑक्सिजन कमी पडतोय असं धरून दाब आधी २०० आणि मग ३०० मिलिटॉर केला, पण काही फरक पडला नाही. दुसरीकडे ३३० केल्विनला, म्हणजे क्युरी तापमानाच्या बऱ्याच वर, व्हीएसएममध्ये, म्हणजे चुंबकन मोजणाऱ्या यंत्रात, सुमारे २० मायक्रो-इएमयूचा (इएमयू हे चुंबकत्वाचं एकक) हिस्टेरेसिस लूप, म्हणजे फेरोमॅग्नेटिझमची खूण असलेला वळसा, दिसतोच आहे. या फिल्मवर प्लॅटिनम चढवून खोलीच्या तापमानाला स्पिन पंपिंग (मायक्रोवेव्हने फिल्ममधून प्लॅटिनममध्ये ढकलला जाणारा स्पिनचा प्रवाह) मोजायचं आहे, आणि त्याआधी इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रात मोजमापासाठी सॅम्पल न्यायचे आहेत.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. क्युरी तापमान कमी का, हा फिल्मचा प्रश्न. ३३० केल्विनला लूप का, हा बहुतेक फिल्मचा प्रश्नच नाही. दोन्हींचं एकच कारण शोधत बसलात तर महिने जातील, कारण एक लक्षण सांगतं की चुंबकत्व कमी आहे आणि दुसरं सांगतं की ते हवं त्यापेक्षा जास्त तापमानापर्यंत टिकतंय. म्हणून आधी लूप निकालात काढा. ते काम दोन दिवसांचं आहे आणि त्याला लेसर लागत नाही.

लूपचा हिशोब करू. एलएसएमओमध्ये दर मँगनीजमागे ३.७ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) धरले तर पूर्ण चुंबकन घन सेंटिमीटरला ५९० इएमयूच्या जवळ येतं. तुमच्या फिल्मचं घनफळ एका घन सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे अगदी कमी तापमानाला उत्तम फिल्मकडून मिळणारा सगळा सिग्नल ५९० मायक्रो-इएमयू. आता लोखंड पाहा. एका ग्रॅमला सुमारे २१८ इएमयू, म्हणजे एका मायक्रोग्रॅमला २१८ मायक्रो-इएमयू. तुमचा २० मायक्रो-इएमयूचा लूप द्यायला मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं लोखंड पुरतं. त्याचा घन कण केला तर बाजू २२-२३ मायक्रोमीटर भरते, केसाच्या जाडीहूनही कमी. असा कण डोळ्याला दिसत नाही. स्टीलच्या चिमट्याने सबस्ट्रेटची कड एकदा घट्ट पकडली तरी तो तिथे लागतो.

ही शंका नुसती पुस्तकी नाही. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये अनपेक्षित फेरोमॅग्नेटिझम सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या सॅम्पलमध्ये तसा सिग्नल येतो आणि चिमटा बदलला की येत नाही. ऑक्साइड फिल्मवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा टेबलासमोर लावून ठेवावा.

तपासणी अशी करा. त्याच बॅचमधला एक कोरा एसटीओ तुकडा घ्या आणि त्याला फिल्मच्या सगळ्या पायऱ्यांतून न्या: तीच धुलाई, हीटरवर तीच सिल्व्हर पेस्ट, ७५० अंश, तोच ऑक्सिजन, तेवढाच वेळ. फक्त लेसर मारू नका. मग काढा, पाठीमागची पेस्ट साफ करा आणि व्हीएसएममध्ये ३३० केल्विनला मोजा. लूप आला तर तो सबस्ट्रेटचा, पेस्टचा किंवा हाताळणीचा. सगळ्यात जास्त संशय पाठीमागच्या सिल्व्हर पेस्टवर घ्या. भाजलेल्या पेस्टमध्ये हीटरच्या स्टीलमधून आलेलं लोखंड आणि निकेल अडकतं. ती सिलिकॉन कार्बाइडच्या पॉलिश पेपरवर घासून काढा, ब्लेडने खरवडू नका. हाताळायला सिरॅमिक किंवा प्लास्टिकचा चिमटा. कापताना डायमंड स्क्राइबर वापरत असाल तर कापलेल्या कडाही पेपरवर हलक्या घासून घ्या. कोरा तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून लोखंड काढता येतं, पण फिल्म असलेल्या तुकड्याला हा उपाय चालत नाही, एलएसएमओसुद्धा त्या आम्लात विरघळतं.

कोरा तुकडा स्वच्छ निघाला आणि फिल्मच्याच सॅम्पलमध्ये लूप राहिला, तर सॅम्पल चार तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. फिल्मचा सिग्नल चौघांत क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जातो. कणाचा सिग्नल एकाच तुकड्यात सापडतो. शिवाय लोखंडाचा लूप ३०० ते ३५० केल्विनमध्ये जवळपास जसाच्या तसा राहतो, तर क्युरी तापमानाजवळ असलेल्या एलएसएमओचा लूप त्याच पट्ट्यात झपाट्याने आक्रसतो.

मोजमापातल्या आणखी दोन गोष्टी इथेच सांगतो. पहिली, एसटीओ डायमॅग्नेटिक आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा ५ बाय ५ चा तुकडा सुमारे ६४ मिलिग्रॅमचा असतो आणि १ टेस्लाला ७० मायक्रो-इएमयूच्या आसपास उलटा सिग्नल देतो. तो उतार वजा करायलाच हवा, पण फिल्म असलेल्या सॅम्पलच्या जास्त फील्डच्या भागावर रेघ मारून वजा करण्यापेक्षा कोऱ्या तुकड्याचा उतार वस्तुमानाच्या प्रमाणात वजा केलेला बरा. क्युरी तापमानाजवळ फिल्मचं स्वतःचं चुंबकनही जास्त फील्डला वाढत असतं आणि रेघ मारताना तेही कापलं जातं. दुसरी गोष्ट, सुपरकंडक्टिंग मॅग्नेट मोठ्या फील्डवरून शून्यावर आणला तरी आत दहा-वीस ऑर्स्टेडचं फील्ड अडकून राहतं. खोलीच्या तापमानाला चांगल्या एलएसएमओची कोअर्सिव्हिटीच (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड) तेवढी किंवा त्याहून कमी असते. त्यामुळे लूप सरकलेला दिसतो, कधी उलटाही दिसतो. मोजण्याआधी फील्ड वरखाली करत शून्यावर आणा आणि पॅलेडियमच्या संदर्भ सॅम्पलवर तोच क्रम चालवून खरं फील्ड ठरवा.

क्युरी तापमान कोणत्या फील्डला काढलंत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. १ टेस्लाला मोजलेला चुंबकन-तापमान आलेख वरच्या बाजूला लांब शेपटी सोडतो आणि त्यावरून काढलेला आकडा १०-२० केल्विन इकडेतिकडे होतो. १०० ऑर्स्टेडला, फील्डमध्ये थंड करून मोजा आणि सगळ्या सॅम्पलना एकच पद्धत लावा. आलेखात ४३ केल्विनजवळ बारीक उंचवटा दिसला तर दोन शक्यता असतात: चेंबरमध्ये अडकून गोठलेल्या ऑक्सिजनचा, किंवा टार्गेटमधून आलेल्या मँगनीजच्या दुसऱ्या ऑक्साइडचा, एमएन-३-ओ-४ चा. हेलियमने चेंबर नीट पर्ज करून परत मोजा. ऑक्सिजनचा उंचवटा बदलतो किंवा जातो, दुसरा जागचा हलत नाही आणि त्याखालच्या तापमानाला लूपही रुंद होतो. १०५ केल्विनजवळची वाकणी मात्र एसटीओच्या रचनाबदलाची आहे, तिची काळजी नको.

आता मुख्य प्रश्न, २९५ केल्विनचा.

ताणामुळे किती कमी होईल, हे आधी मनाशी पक्कं करा. एलएसएमओचा जालकांतर (स्फटिकाच्या जालीतलं अंतर) ३.८७६ अँगस्ट्रॉमच्या जवळ, एसटीओचा ३.९०५. फिल्म आडवी ताणली जाते आणि उंचीला दबते. या ताणाने क्युरी तापमान थोडं उतरतं, पण एसटीओवरच्या ४० नॅनोमीटरच्या चांगल्या फिल्म ३४० ते ३५५ केल्विनपर्यंत जातात. म्हणजे तुमच्या ७५ केल्विनच्या घसरणीत ताणाचा वाटा फार तर वीस-तीसचा. बाकीचं दुसरीकडून येतंय. तुमची फिल्म ५ नॅनोमीटरच्या खालची असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, तिथे इंटरफेसचा निष्क्रिय थरच वरचढ होतो. म्हणून जाडी खरंच ४० आहे ना, हेही एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटीने पाहा. तांब्याच्या के-आल्फा किरणांना ४० नॅनोमीटरच्या फिल्मचे लहान कोनातले पट्टे टू-थीटात साधारण ०.२२ अंशाच्या अंतराने येतात. पट्टे ०.३३ अंशाने येत असतील तर फिल्म २७ नॅनोमीटरची आहे आणि तुमचे चुंबकनाचे सगळे आकडे दीडपट सुधारून घ्यावे लागतील.

मग दाब वाढवून फरक का पडला नाही? त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. ऑक्सिजन फिल्ममध्ये किती शिरेल हे दाबाच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असतं. तिप्पट दाबाने ७५० अंशाला फारसं काही हलत नाही. दुसरं असं की डिपॉझिशनचा दाब हा फक्त ऑक्सिजनचा नॉब नाही. त्याच्यासोबत प्लूम (टार्गेटमधून उडणारा पदार्थाचा झोत) आखूड होतो, सबस्ट्रेटवर येणाऱ्या अणूंची ऊर्जा घटते, दर पल्सला बसणारी जाडी बदलते, आणि हलका मँगनीज जड लँथॅनमपेक्षा जास्त विखुरतो, म्हणजे फिल्मची घटकरचनाही हलते. एका नॉबने चार गोष्टी हलल्या, त्यातल्या दोन सुधारल्या आणि दोन बिघडल्या, तर क्युरी तापमान जागच्या जागी दिसू शकतं. त्यावरून ऑक्सिजन कारण नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि ऑक्सिजनच कारण आहे असाही नाही.

ऑक्सिजन भरायची खरी जागा थंड करण्याच्या टप्प्यात आहे. ७५० अंशाला, कमी दाबात, फिल्ममध्ये काही रिकाम्या जागा राहणारच. तापमान उतरतं तसा पदार्थ ऑक्सिजन परत घ्यायला तयार होतो, पण ४५० अंशाच्या खाली आत जाण्याचा वेगच मंदावतो. म्हणून भरण्याचं काम ७०० ते ४५० च्या पट्ट्यात होतं. शेवटची पल्स पडली की टर्बो पंपाचा गेट व्हॉल्व्ह बंद करा, चेंबरमध्ये ऑक्सिजन ५०० मिलिबारपर्यंत भरा, मिनिटाला ५ ते १० अंशांनी उतरवा आणि ५५० च्या आसपास अर्धा-एक तास थांबवा. तुमचे ३०० मिलिटॉर म्हणजे ०.४ मिलिबार. तुम्ही दाब तिप्पट केला होता, इथे तो हजारपटीहून जास्त वाढतो, आणि प्लूमला धक्काही लागत नाही. सध्या डिपॉझिशनच्याच दाबात हीटर बंद करून थंड करत असाल, तर पहिला बदल हाच करा.

तरी कारण पक्कं करायला नवी फिल्म बनवू नका. हातातली २९५ केल्विनची फिल्म घ्या आणि तिचे दोन तुकडे करा. एक तसाच ठेवा. दुसरा ट्यूब फर्नेसमध्ये, वाहत्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये, ७०० अंशाला तीन-चार तास ठेवून मिनिटाला २-३ अंशांनी थंड करा. दोन्ही तुकड्यांचा एक्स-रे ००२ पीक (जालीची उभी उंची सांगणारा) आणि क्युरी तापमान मोजा. एसटीओचा ००२ पीक ४६.४७ अंशाला येतो. पूर्ण ऑक्सिजन असलेल्या, ताणलेल्या एलएसएमओची उभी जाली ३.८५ अँगस्ट्रॉमच्या जवळ असते, म्हणून तिचा पीक उजवीकडे, ४७.२ च्या आसपास दिसायला हवा. ऑक्सिजनची जागा रिकामी राहिली की तिथे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात, मँगनीज ४ चा मँगनीज ३ होतो, आयन मोठा होतो आणि जाली फुगते. तसा पीक ४६.८ किंवा त्याहून डावीकडे, सबस्ट्रेटच्या पायाशी सरकतो. तिथे तो लपून जातो आणि फिल्मचा पीकच आला नाही असा गैरसमज होतो.

भाजलेल्या तुकड्यात पीक उजवीकडे सरकला आणि क्युरी तापमान चढलं, तर ऑक्सिजन कमी होता, आणि उपाय वर दिलाच आहे. पीक आधीच ४७.२ ला होता, भाजल्यावर काहीच बदललं नाही, तर ऑक्सिजनचा नाद सोडा आणि घटकरचना आणि सबस्ट्रेटच्या खऱ्या तापमानाकडे वळा. भाजताना ९०० अंशापर्यंत जायचा मोह टाळा. तेवढ्या तापमानाला स्ट्रॉन्शियम पृष्ठभागाकडे सरकतं. क्युरी तापमान चांगलं दिसेल, पण ज्या पृष्ठभागावर तुम्हाला प्लॅटिनम बसवायचं आहे तोच खराब होईल.

हीच कसोटी रोधकतेवरही लावा, चार टोकांची जोडणी करून. चांगल्या फिल्मची रोधकता खोलीच्या तापमानाला २ मिलिओम-सेंटिमीटरच्या जवळपास आणि १० केल्विनला त्याच्या विसाव्या भागाहून कमी असते. एक सावधगिरी: दाब खूप कमी ठेवून केलेल्या फिल्ममध्ये एसटीओ स्वतःच ऑक्सिजन गमावून वाहक होतो, तुकडा करडा किंवा निळसर दिसतो, आणि फिल्म भलतीच छान धातूसारखी वाटते. १०० मिलिटॉरला हा धोका तुम्हाला नाही, पण तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून रंग पाहायला दोन सेकंद लागतात.

आता टार्गेट. जुलैमध्ये नागपुरात बनवलेलं टार्गेट म्हटलं की माझं लक्ष लँथॅनम ऑक्साइडच्या बाटलीकडे जातं. हे ऑक्साइड हवेतलं पाणी ओढून हायड्रॉक्साइड होतं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन सुमारे १६.६ टक्क्यांनी वाढतं. २० ग्रॅम एलएसएमओसाठी हिशोब असा: लँथॅनम ऑक्साइड १०.०७ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ३.९१, एमएन-२-ओ-३ ६.९७. बाटलीतलं पावडर पूर्ण ओलावलेलं असेल तर १०.०७ ग्रॅममध्ये खरं ऑक्साइड ८.६४ ग्रॅमच असतं आणि सूत्रातलं लँथॅनम ०.७ ऐवजी ०.६ होतं. उरलेला मँगनीज एमएन-३-ओ-४ म्हणून वेगळा पडतो. अर्धवट ओलावलेल्या पावडरमध्ये चूक किती, हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे प्रत्येक टार्गेट वेगळं निघतं. आणि हा प्रकार फक्त पावसाळ्यातला नाही. मे महिन्यात वजनकाट्याच्या खोलीत पाण्याचा कूलर लावलेला असतो, तो दिवसभर दमट हवाच आत ढकलतो. बाहेर कोरडं रखरखीत ऊन असलं तरी काट्याजवळची हवा ऑगस्टसारखी असते.

उपाय सोपा आहे. लँथॅनम ऑक्साइड ९०० ते १००० अंशाला पाच-सहा तास भाजा, २०० अंशाच्या आसपास भट्टीतून काढून थेट डेसिकेटरमध्ये ठेवा आणि कोमट असतानाच भराभर तोला. काट्यावर आकडा हळूहळू चढताना दिसला तर ते पाणीच चढतंय, पावडर परत भट्टीत जाऊ द्या. मँगनीजसाठी एमएन-ओ-२ वापरत असाल तर तेही जपून, तापवल्यावर ते ऑक्सिजन सोडतं आणि बाटलीतलं नेमकं किती कशात आहे ते कळत नाही. ७०० अंशाला हवेत रात्रभर ठेवून त्याचं एमएन-२-ओ-३ करून घ्या, मग तोला. आपल्याकडे मनसर, कांद्रीपासून मॉयल कंपनीच्या खाणींमधून मँगनीजचं खनिज निघतं, त्यामुळे विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हा धातू घरचा वाटतो. टार्गेटसाठी मात्र ९९.९ टक्क्यांच्या वरचं रसायनच घ्या, खनिजात लोखंड असतं आणि लोखंडाचा हिशोब आपण वर केलाच आहे. मिश्रण ११०० अंशाला दोनदा, मध्ये खलून, आणि दाबलेली चकती १३०० ते १३५० अंशाला चोवीस तास. सच्छिद्र चकतीवरून फिल्मवर थेंब उडतात, म्हणून घनता ९० टक्क्यांच्या जवळ हवी.

तुमचं सध्याचं टार्गेट कसं आहे, हे कळायला त्याच्या कडेचा एक बारीक कपचा काढा आणि त्याचं क्युरी तापमान मोजा. क्युरी तापमानाच्या प्रश्नात हे मी सगळ्यात आधी करायला सांगेन. कपचा ३६० ते ३७० केल्विन दाखवत असेल आणि एक्स-रेमध्ये एकच फेज असेल, तर टार्गेट सुटलं. कपचाच ३२० दाखवत असेल तर लेसरकडे पाहण्यात अर्थ नाही.

लेसरबद्दल एवढंच विचारतो: ऊर्जा कुठे मोजली? लेसरच्या तोंडाशी मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. लेन्स आणि चेंबरची खिडकी पार केल्यावरची ऊर्जा हवी. खिडकीच्या आतल्या बाजूवर प्रत्येक डिपॉझिशनमध्ये थोडा थर बसतो आणि काही महिन्यांत पाव ऊर्जा तिथेच अडते. चेंबर उघडलं असेल तेव्हा मीटर आत, टार्गेटच्या जागी धरून मोजा. ठिपक्याचं क्षेत्रफळ टार्गेटवरच्या ताज्या खुणेवरून सूक्ष्मदर्शकाखाली काढा. ठिपका २ चौरस मिलिमीटरचा असेल तर चौरस सेंटिमीटरला १.५ ते २ जूलसाठी टार्गेटवर ३० ते ४० मिलिजूल पोचायला हवेत. ऊर्जा कमी पडली तर वेगवेगळे घटक वेगवेगळ्या प्रमाणात उडतात आणि उत्तम टार्गेटमधूनही बिघडलेली फिल्म येते. पावसाळ्यात चिलर १८ अंशावर ठेवत असाल तर थंड नळ्यांवर आणि लेसरच्या आतल्या भागांवर घाम धरतोय का पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दवबिंदू २४ अंशाच्या आसपास असतो. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत चिलर जितका वर नेता येईल तितका न्या, किंवा खोलीत डीह्युमिडिफायर चालवा.

सबस्ट्रेटचं तापमानही असंच. थर्मोकपल हीटरच्या ठोकळ्यात असतो आणि पृष्ठभाग त्यापेक्षा ५० ते १०० अंशांनी थंड असू शकतो, विशेषतः पेस्ट एका कोपऱ्यात सुटलेली असेल तर. ७५० चा आकडा दिसत असताना फिल्म ६६० ला वाढत असेल, तर ती नीट स्फटिकच होत नाही. पायरोमीटर असेल तर चांगलंच, नसेल तर हीटर ८०० करून एक फिल्म बनवा आणि ००२ पीकच्या रॉकिंग रुंदीची (स्फटिक किती नीट रांगेत आहे हे सांगणारी) तुलना करा.

स्पिन पंपिंगबद्दल. क्युरी तापमान २९५ असताना खोलीच्या तापमानाला हे मोजमाप होणारच नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण ३५० झालं तरी खोलीच्या तापमानाला सगळं सुरळीत होईल असं समजू नका. स्पिनचा प्रवाह इंटरफेसवरून जातो, आणि एलएसएमओचा पृष्ठभाग आतल्या भागापेक्षा लवकर चुंबकत्व सोडतो. एलएसएमओ-एसटीओ-एलएसएमओ जंक्शनमध्ये २००३ साली ४.२ केल्विनला १८५० टक्क्यांचा टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स (एका इलेक्ट्रोडचं चुंबकन उलटल्यावर रोधात होणारा बदल) मिळाला, स्पिनचं ध्रुवीकरण ९५ टक्क्यांच्या घरात. तोच परिणाम २८० केल्विनच्या आसपास संपला, इलेक्ट्रोडचं क्युरी तापमान त्याहून बरंच वर असूनही. म्हणून पहिली मोजणी २०० ते २५० केल्विनला ठेवा, द्रव नायट्रोजनचा क्रायोस्टॅट त्याला पुरतो. तिथे सिग्नल पक्का झाला की मग वर चढा.

प्लॅटिनम चढवताना चिकटण्यासाठी खाली टायटॅनियम किंवा क्रोमियमचा थर देण्याची सवय असते, ती इथे मोडा. टायटॅनियम एलएसएमओच्या वरच्या थरातून ऑक्सिजन ओढून घेतो आणि जिथून स्पिन जायचे तोच थर निष्क्रिय होतो. प्लॅटिनम थेट चढवा, ५ नॅनोमीटर, कमी पॉवरवर, २०-३० वॅटला, म्हणजे वेगवान अणूंनी पृष्ठभाग फुटत नाही. एकाच व्हॅक्यूममध्ये जमत नसेल तर फिल्म आधी ऑक्सिजनमध्ये ३५० अंशाला अर्धा तास ठेवून कार्बन घालवा आणि त्याच दिवशी प्लॅटिनम द्या.

एलएसएमओ स्वतः वाहक आहे, आणि या मोजमापातली खरी अडचण तीच. ५ नॅनोमीटर प्लॅटिनमचा शीट रोध साधारण ८० ओम, ४० नॅनोमीटर एलएसएमओचा ५०० ओम. म्हणजे सातवा हिस्सा प्रवाह एलएसएमओमधून जातो, आणि रेझोनन्सला त्याचा रोध मायक्रोवेव्हच्या तालात बदलून डीसी व्होल्टेज तयार होतं, ज्याचा स्पिन पंपिंगशी काही संबंध नसतो. त्यात मायक्रोवेव्हने गरम झालेल्या फिल्मचा नेर्न्स्ट परिणाम (तापमानातल्या फरकाने तयार होणारं आडवं व्होल्टेज) मिसळतो, आणि तोही फील्ड उलटं केल्यावर चिन्ह बदलतो, त्यामुळे नुसतं चिन्ह बदललं हा पुरावा धरू नका. प्लॅटिनम नसलेली तशीच फिल्म शेजारी मोजा, फील्डचा कोन पूर्ण ३६० अंश फिरवून व्होल्टेज नोंदवा, आणि प्लॅटिनमच्या तीन जाड्या घ्या, ३, ६ आणि १२ नॅनोमीटर. प्लॅटिनमशिवायच्या फिल्ममध्ये निम्मा सिग्नल येत असेल तर आधी त्याचा उगम शोधावा लागेल. हा गुंता नकोच असेल तर गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटवरच्या यिट्रियम आयर्न गार्नेटचा एक तुकडा संदर्भ म्हणून मिळवा. ते विद्युतरोधक आहे, क्युरी तापमान ५६० केल्विन, आणि तुमचा मायक्रोवेव्ह सेटअप ठीक चालतोय का हे त्यावर एका दिवसात कळतं.

इंदूरला जाताना एवढं सोबत असू द्या: टार्गेटचा कपचा, हीटरवरून आणलेला कोरा एसटीओ, फिल्मचा न भाजलेला अर्धा आणि भाजलेला अर्धा, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, डबीवर वस्तुमान आणि क्षेत्रफळ लिहून. चारही सॅम्पल एकाच क्रमाने, एकाच फील्डला मोजून घ्या. तिथून आल्यावर कपच्याचं क्युरी तापमान, दोन्ही अर्ध्यांचा ००२ पीक आणि कोऱ्या तुकड्याचा ३३० केल्विनचा लूप, हे आकडे इथे लिहा. आणि थंड करताना चेंबरमध्ये दाब किती असतो, तेवढं मात्र आजच कळवा.